सोमवारची सुट्टी

प्रिय सई,

हिवाळाभर गोठ्यात कोंडलेल्या गाई वसंतात कुरणावर सोडतात, तेव्हा उड्या मारत सुटतात. ते बघायला इथल्या शेतावर तुमची शाळा गेली होती. तिथे तू ऐटीत सांगितलंस, की माझ्या आजोळी बैलांना दर सोमवारी सुट्टी असते. आणि घरी येऊन मला विचारलंस, "मग आजीला कुठल्या वारी असायची?"

तेव्हा मी भांडी घासत राहिले. आता सांगते.

बेळगावजवळच्या आपल्या येळ्ळूरच्या शिवारात भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा. तो काढून झोडपला की चैत्राची कामं. आबा नांगरट करून ढेकळं उन्हात तापू द्यायचे. मग गायरीतलं, म्हणजे उकिरड्याच्या खड्ड्यातलं, शेणखत गाडीत भरून शेतात ढीग घालायचे. ते ढीग बुट्टीने (टोपलीने) विसकटायचं काम आईचं आणि काकूचं. धसकटं वेचायचं काम आम्हा पोरांचं. डोक्यावर राजहंसगड, पायाखाली तापलेली काळी माती, आणि दुपारी भाकरी-खर्डा. मे संपता संपता कुरीने, म्हणजे पाभरीने, भाताची धूळवाफ पेरणी, पावसाआधी कोरड्या मातीतच, म्हणून त्याआधी सगळं उरकायची घाई. त्यात वळीव कधी गाठेल याचा नेम नाही. शेण्या वाळवून त्यांची हुडवी (रास) रचून शाकारायची, गोठ्यावरच्या माळ्यावर पिंजर (भाताचा पेंढा) चढवायचं.

एवढ्या घाईतही सोमवारी बैलांच्या मानेवर जू नाही. आभाळ भरून आलं तरी नाही. आबा त्यांना तळ्यावर नेऊन धुवायचे, शिंगांना तेल लावायचे. मला अजून त्याचा अभिमान वाटतो, लपवत नाही. मुक्या जनावराला विश्रांती मागता येत नाही, म्हणून गावानेच वार ठरवून दिला. बेंदूर, बैलांचा सण, वर्षातून एकदाच, आपल्याकडे कर्नाटकी, ज्येष्ठी पौर्णिमेला (कोल्हापूरकडच्या आत्याचा आषाढात, त्यावरून दरवर्षी चेष्टा). सोमवार मात्र आठवड्याला.

पण तुझ्या प्रश्नानंतर मी तोच सोमवार आईच्या बाजूने मांडून पाहिला. बैल दिवसभर दावणीला, म्हणजे शेण दुप्पट. पाणी, वैरण घरातच द्यायची. शेतावर जायचं नाही म्हणून शेण्या थापायच्या, मसूर पाखडायची. आबा कट्ट्यावर.

तिला बरे वाटायचे ते यात्रेआधीचे पाळणुकीचे मंगळवार. सगळ्या गावाने वार पाळायचा, कुणीच शेतात जायचं नाही. त्या दिवशी ती भरदुपारी माझी वेणी घालायची, सावकाश, काकूशी बोलत. सुट्टी म्हणावी का याला? चूल तेव्हाही तीच पेटवायची.

आता घरात बैल नाहीत. मामा ट्रॅक्टरसुद्धा सोमवारी बाहेर काढत नाही म्हणे. मामीचं काय, ते मी कधी विचारलं नाही.

तू हे पाळावंस असं मी म्हणत नाही. तुझ्या वर्गातल्यांना सांगितलंस, एवढ्यानेच मी खूश होते. पण रविवारी फोन लागला की आजीलाच विचार. "सुट्टी" म्हणू नकोस, "तू कधी बसायचीस?" असं विचार. मी खोलीत थांबणार नाही, माझ्यासमोर ती आबांच्याच बाजूने बोलेल.

तुझी,
आई