वाचकांचे प्रश्न : बैलाचा पट्टा घरी शिवताना

पोळा जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बैलांच्या साजाचे प्रश्न वाढतात. यंदा त्यांत झुली आणि मठाट्यांपेक्षा चामड्याची पत्रे अधिक आहेत, म्हणून हे सदर यावेळी त्यांच्यासाठीच ठेवले आहे.

प्रश्न : आमच्या गावात चामड्याचे काम करणारे एकच वृद्ध कारागीर होते. ते वारले आणि त्यांच्या मुलांनी तो व्यवसाय पुढे चालवला नाही. यंदा बैलजोडीचे घुंगरांचे पट्टे मीच शिवायचे ठरवले. शहरातून मऊ, चकचकीत चामडे आणले, पण नमुन्याचा पट्टा चार दिवस बैलाच्या गळ्यात राहिला आणि दोन बोटे लांबला. चामडे वाईट निघाले की माझे काही चुकले? (एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : चामड्याला दोष देता येणार नाही, कारण आपण आणले ते बहुधा पिशव्यांचे चामडे असावे. कच्चे कातडे कमावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. जुन्या रीतीत चुन्याच्या हौदात केस सोडवलेले कातडे सालीच्या आणि फळांच्या तुरट पाण्यात कित्येक दिवस, आणि जाड असेल तर कित्येक आठवडे, मुरत ठेवतात. त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा, तर जंगलपट्ट्यात ऐनाची सालही वापरली जाते. हिरड्याचा तुकडा जिभेवर ठेवल्यावर तोंड जसे आवळून येते, तोच तुरटपणा कातड्याच्या तंतूंना आवळून धरतो आणि कुजण्यापासून वाचवतो. दुसऱ्या रीतीत क्रोमियमचे क्षार वापरतात आणि काम एकदोन दिवसांत उरकते. क्रोमचे चामडे मऊ असते, पाण्याला व उष्णतेला दाद देत नाही आणि पिशवीसाठी किंवा बुटाच्या वरच्या भागासाठी उत्तम ठरते. मात्र सतत ओढ बसली की ते लांबते, त्याची कड घासून गुळगुळीत होत नाही आणि त्यावर ठसाही नीट उमटत नाही. घुंगरांचे वजन दिवसभर पेलणाऱ्या पट्ट्याला सालीने कमावलेलेच चामडे हवे.

दोन्ही ओळखणे अवघड नाही. वरून रंग कोणताही दिलेला असो, कापलेली कड पाहावी. सालीचे चामडे आरपार तपकिरी दिसते, तर क्रोमच्या चामड्याच्या मधोमध पुष्कळदा निळसर करडी रेघ असते. तरीही शंका राहिली तर करंगळीएवढी पट्टी मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकावी. सालीची पट्टी आक्रसून वळते आणि क्रोमची जवळजवळ तशीच राहते. ही परीक्षा दुकानात करता येत नाही हे खरे, म्हणून पहिल्या खेपेला लहान तुकडाच आणावा.

रीत बरोबर असूनही पट्टा लांबू शकतो, आणि तेथे कातड्याचा भाग महत्त्वाचा ठरतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचा, शेपटीकडचा भाग सर्वांत घट्ट असतो. मानेचा भाग जाड पण सुरकुतलेला असतो, आणि पोटाचा भाग सैल, तोंडात घास धरल्यासारखा फुगीर लागतो. तुकडा दोन्ही हातांनी लांबीला व रुंदीला ओढून पाहावा, आणि वरची बाजू आत घेऊन दुमडावी. दुमडीत बारीक, घट्ट रेषा पडल्या तर तो भाग चांगला, आणि ढिल्या, मोठ्या सुरकुत्या पडल्या तर तो पोटाकडचा समजावा. पट्टा नेहमी कण्याच्या दिशेने कापावा, आडवा कापू नये. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी असल्यामुळे बाजारातले जाड चामडे बहुतेक म्हशीचे असते. त्याचे तंतू अधिक मोकळे असतात, तेव्हा म्हशीच्या चामड्यात भागाची निवड जास्तच काटेकोर करावी.

मागची बाजूही उलटून पाहावी. कातडे सोलताना सुरी खोल गेली असेल तर तेथे चीर राहते, ती वरून दिसत नाही आणि पट्टा नेमका तेथेच तुटतो. १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, आणि त्याच काळात जवळच्या नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी आपोआप मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचे चर्मालय चालवले. आपला तालुका त्याच जिल्ह्यातला आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. मेलेल्या जनावराचे कातडे वेळेत आणि न चिरता काढले, मीठ लावून ठेवले, तर ते कोणत्याही कातड्याइतके पक्के होते. वाया जाते ते बहुधा सोलतानाच.

मापाविषयी थोडक्यात सांगायचे तर, साडेतीन ते चार मिलिमीटर जाडीचे चामडे आणि पाच सेंटिमीटर रुंदी घुंगरांच्या पट्ट्याला पुरते. गळ्याचे माप सुतळीने घ्यावे आणि पट्टा बांधल्यावर आत चार बोटे सहज जावीत. मानेकडच्या बाजूला पातळ, मऊ चामड्याचे अस्तर लावावे (आपण आणलेले क्रोमचे चामडे येथे उपयोगी पडेल) आणि पट्ट्याच्या दोन्ही कडा गोल कराव्यात. खांदशेकणीच्या संध्याकाळी आपण बैलाचा खांदा हळद-तुपाने शेकतो, त्याला ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या’ म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या गळ्यात धारदार कडेचा पट्टा बांधतो, हे मला नेहमी विसंगत वाटत आले आहे. घुंगरे लोखंडी तारेने न बांधता चामड्याच्या वादीने बांधावीत आणि वादीच्या गाठी बाहेरच्या अंगाला ठेवाव्यात. वादीसाठी वेगळे चामडे लागत नाही. उरलेल्या गोल तुकड्याला ओले करून कडेपासून आत गोलगोल कापत गेले की लांब वादी सुटते. दहा सेंटिमीटर व्यासाच्या तुकड्यातून चार मिलिमीटर रुंदीची वादी पावणेदोन मीटरच्या आसपास निघते. ती ओलसर असतानाच ओढून सरळ करावी.

प्रश्न : चपला शिवणारे कारागीर आकडीच्या आरीने भराभर शिवतात. मी पुस्तकात पाहून दोन सुयांनी शिवते, पण त्याला फार वेळ लागतो. दोन्हींत फरक काय, आणि दोरा किती घ्यावा? (एक शिक्षिका, ता. लाखनी, जि. भंडारा)

उत्तर : आकडीच्या आरीत दोन दोरे एकमेकांत अडकतात. आरी वरून भोक पाडते, खालच्या दोऱ्याला आकडीत धरून त्याचा फास वर आणते आणि दुसरा दोरा त्या फासातून ओवून दोन्ही ओढले जातात. शिलाई यंत्राचा टाकाही याच जातीचा आहे. सराव झाला की हात विलक्षण वेगाने चालतो, आणि रस्त्याच्या कडेला गिऱ्हाईक एका पायावर उभे असताना हीच रीत योग्य ठरते. दोन सुयांच्या शिवणीत मात्र एकाच दोऱ्याची दोन्ही टोके प्रत्येक भोकातून आरपार, समोरासमोरून जातात. एक टाका घासून तुटला तरी त्याच भोकातला दुसरा पेड शिवण धरून ठेवतो. फासाच्या शिवणीत एक दोरा तुटला की शेजारचे टाके सुटत जातात. बैलाच्या अंगावरचा साज जूला, शिंगांना, गोठ्याच्या मेढीला सतत घासतो, तेथे आपला वेळ सत्कारणी लागतो आहे असे समजावे.

दोऱ्याचा हिशेब घरीच मांडता येतो. दोन टाक्यांतले अंतर पाच मिलिमीटर आणि चामड्याची एकूण जाडी चार मिलिमीटर असेल तर प्रत्येक सुईचा दोरा एका टाक्याला नऊ मिलिमीटर जातो, दोन्ही सुयांचा मिळून अठरा, म्हणजे शिवणीच्या लांबीच्या साडेतीन पटींहून थोडा जास्त. अस्तर धरून जाडी सात मिलिमीटर झाली तर हीच पट पाचाच्या जवळ जाते. त्यावर सुया ओवण्यासाठी आणि शेवटच्या गाठीसाठी अर्धा मीटर अधिक घ्यावा. दोन्ही हात पसरून जेवढा दोरा ओढता येतो त्यापेक्षा लांब दोरा एका वेळी घेऊ नये, कारण तो गुंततो आणि प्रत्येक भोकातून घासून विरतो. लांब पट्टा दोन दोऱ्यांनी शिवावा आणि जोडावर तीनचार टाके मागे फिरवावेत.

सुती किंवा तागाचा दोरा मधमाशीच्या मेणावरून दोनतीन वेळा ओढून घ्यावा. मेणामुळे पेड चिकटून राहतात, पाणी कमी शोषतात आणि ओढलेला टाका लगेच सैल पडत नाही. भोके पाडण्यापूर्वी कडेपासून चार मिलिमीटरवर कर्कटकाने रेघ ओढावी आणि शक्य असल्यास त्या रेघेवर उथळ खाच करावी, म्हणजे टाके खाचेत बसतात आणि घासत नाहीत. आरीचे टोक शंकरपाळ्याच्या आकाराचे असेल तर ते प्रत्येक भोकात एकाच कलाने धरावे. टाके तिरपे आणि एकसारखे दिसण्याचे सारे रहस्य त्यातच आहे. दरवेळी तीच सुई आधी घालावी आणि दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या त्याच बाजूने काढावी. हा क्रम एका टाक्याला जरी उलटला तरी तो टाका दुरून ओळखू येतो. काम दोन गुळगुळीत फळ्यांत दाबून, फळ्या गुडघ्यांत धरल्या की दोन्ही हात मोकळे राहतात. वेगाची काळजी करू नये.

प्रश्न : पावसाळ्यात साज कडक होतो आणि त्यावर बुरशी येते. घरात जवसाचे तेल भरपूर आहे, ते लावले तर चालेल का? (एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : जवसाचे तेल लावू नये. हा सल्ला मी स्वतःच्या चुकीतून देतो. तरुणपणी मी वडिलांच्या जुन्या जोत्यांना (बैल जूला जुंपायच्या चामडी पट्ट्यांना) मोठ्या हौसेने जवसाचे तेल चोळले होते. पहिला आठवडाभर ती सुरेख मऊ राहिली. दिवाळीपर्यंत मात्र त्यांवर चिकट थर धरला, आणि उन्हाळ्यात वाकवताच त्या थरासह चामड्याला भेगा गेल्या. वडील काही बोलले नाहीत, त्यांनी नवी जोती आणली. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते आणि घट्ट पापुद्रा धरते. रंगकामात याच गुणासाठी ते वापरतात, आणि चामड्यात तोच गुण नुकसान करतो. करडईचे तेलही थोड्याफार प्रमाणात असेच वागते. एरंडेल मात्र वाळत नाही, म्हणून चामड्याला ते चांगले.

आधी साज फडक्याने ओलसर पुसून घामाचे मीठ आणि बुरशी काढावी. मग तो सावलीत, वाऱ्यावर वाळवावा. उन्हात किंवा चुलीजवळ ओले सालीचे चामडे कधीही ठेवू नये, ते आक्रसते आणि ठिसूळ होते. पूर्ण वाळण्यापूर्वी, किंचित ओल असतानाच, कोमट एरंडेल बोटाने पातळ लावावे आणि रात्रभर मुरू द्यावे. तेल जास्त झाले तर चामडे भुसभुशीत होऊन ताणले जाते, तेव्हा वर्षातून दोनतीनदा, थोडे, हेच प्रमाण ठेवावे. साज भिंतीला टेकवून किंवा प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता खुंटीवर मोकळा टांगावा, कारण बुरशीला कोंदट ओल हवी असते.

प्रश्न : रापीला कितीही धार लावली तरी ती चामडे कापण्याऐवजी ओढते. (एक तरुण वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : धार लावणे अर्धवट राहत असावे. दगडावर घासताना पाते एकाच कोनात धरावे, आधी खरखरीत आणि मग बारीक दगडावर घासावे. पलीकडच्या बाजूला नखाला जाणवेल असा बारीक ओठ उठला की तो फळीवर चिकटवलेल्या चामड्याच्या पट्टीवर पाते मागे ओढून मोडावा. बहुतेक जण दगडावर थांबतात आणि हा शेवटचा भाग सोडून देतात. चाकावर धार लावून देणाऱ्याकडे रापी दिली आणि पाते तापून निळे पडले, तर पोलादाचे पाणी उतरते आणि ती धार टिकत नाही. कापताना खाली लोखंड किंवा फरशी न ठेवता चिंचेच्या खोडाचा ठोकळा ठेवावा, आणि चामडे धरणारा हात नेहमी पात्याच्या मागे असू द्यावा.

प्रश्न : सालीच्या चामड्याचा पट्टा शिवून त्याला कडी आणि खिळे लावले. पहिल्याच पावसात खिळ्यांभोवती काळे-निळे डाग पडले. चामडे सडते आहे का? (एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : सडत नाही. चामड्यातला तुरट अंश ओलीत लोखंडाला भेटला की काळा पडतो. हिरड्याच्या काढ्यात लोखंड टाकून शाई करीत, तीच ही क्रिया आहे. आपले खिळे लोखंडी आहेत, त्यांऐवजी पितळेचे किंवा तांब्याचे वापरावेत आणि कडीही पितळेची घ्यावी. पडलेले डाग लिंबाच्या रसाने थोडे फिके होतात, पण पुरते जात नाहीत. रस लावल्यावर साध्या पाण्याने पुसून तेल द्यावे. दुसरा उपाय असा की गूळ घातलेल्या पाण्यात गंजके खिळे काही दिवस भिजवून त्या पाण्याचा हात साऱ्या पट्ट्यावर फिरवावा, म्हणजे डाग दिसेनासे होऊन पट्टाच एकसारखा काळा होतो. आधी तुकड्यावर करून पाहावे, पट्टा वाळल्यावर एरंडेल लावावे, आणि रंग सुटणे पूर्ण थांबेपर्यंत तो पांढऱ्या बैलाच्या गळ्यात बांधू नये.