थायरॉईडची गोळी चालू असूनही थकवा जात नाही, डोस वाढवू का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४१, वजन ६२ किलो, आठ महिने ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू, टीएसएच (थायरॉईडचं संप्रेरक कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) ६.८. तरी अंग जड, केस मूठमूठ गळतात, पोट साफ होत नाही. घरात २५च्या जुन्या गोळ्या उरल्यात, त्यातली एक रोज जोडू का, असं तुम्ही विचारलंय. तुम्ही होटगी रोडला राहता आणि मी जुळे सोलापुरात, म्हणून लगेच लिहायला बसले. मी डॉक्टर नाही. बारा वर्षं हीच गोळी घेतेय आणि यातली एक चूक मी पुरती भोगली आहे.

स्वतःच्या मनाने गोळी जोडू नका. ६.८ म्हणजे डोस कमी पडत असेल, हे शक्य आहे. थायरॉईडची ग्रंथी जवळजवळ बंदच पडली असेल तर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे तुमच्या वजनाला शंभराच्या आसपास. ग्रंथी थोडंफार काम करत असेल तर त्याहून कमी पुरतं. पण त्याआधी एक गोष्ट बघायला हवी: तुम्ही गिळताय त्या ७५पैकी रक्तात किती पोचतंय?

आमचे सासरे गिरणीत होते. गिरणी कधीच बंद झाली, पण भोंग्याच्या वेळेला उठायची सवय घरात राहिली. साडेपाचला सासूबाईंचा चहा तयार. मी गोळी त्या चहाबरोबरच घ्यायची. पुढे पाळीत रक्त फार जायला लागलं म्हणून लोहाची गोळी आली, मग कॅल्शियमची. विसरायला नको म्हणून तिन्ही एकदमच. टीएसएच ९ आला, डॉक्टरांनी ५०ची ७५ केली. परत ८, मग १००. परत तेच, मग १२५. गोळी कशी घेता, हे या सगळ्यात कोणी विचारलंच नाही. मलाही सांगायचं सुचलं नाही, कारण रोज न चुकता घेत होते.

लोह आणि कॅल्शियम आतड्यात या गोळीला धरून ठेवतात, ती अंगात शिरू देत नाहीत. त्यांच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं. चहा-कॉफीनेही ती कमी शोषली जाते. ॲसिडिटीसाठी रोज पँटोप्राझोलसारखी गोळी घेत असाल तर तेही सांगा, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की ही गोळी नीट विरघळत नाही. रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने, तासाने झाला तर उत्तम. पहाटे जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. फक्त रोज एकच वेळ ठेवा.

दुसऱ्या एका डॉक्टरांनी हे समजावल्यावर मी त्याच दिवसापासून सुधारले. पण डोस १२५च राहिला. दोन महिन्यांत छातीत धडधड, हात थरथर, रात्र रात्र झोप नाही. टीएसएच ०.१ खाली गेला होता. आता गोळी खरोखर अंगी लागत होती आणि ती मला जास्त झाली होती! असं दीर्घकाळ चाललं तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होतात. शेवटी मी ८८वर स्थिरावले. म्हणूनच सांगते, वेळ सुधारणं आणि डोस वाढवणं एकाच वेळी करू नका. आधी वेळ सुधारा, डॉक्टरांना तसं सांगा, सहा ते आठ आठवड्यांनी तपासा. हे औषध रक्तात अर्ध्यावर यायलाच आठवडाभर घेतं, त्यामुळे कुठल्याही बदलाचा खरा आकडा सहा आठवड्यांआधी दिसत नाही. पंधरा दिवसांत केलेल्या तपासणीवरून काही ठरवू नये.

आपल्या गावच्या उन्हाचंही बघा. एप्रिल-मेमध्ये पारा ४०च्या वर जातो आणि स्वयंपाकघर तर भट्टीच. माझी बाटली शेगडीवरच्या फळीवर असायची. ही गोळी उष्णता, ओल आणि उजेड यांनी कमजोर पडते. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा. त्या उरलेल्या २५च्या गोळ्या किती उन्हाळे बघून बसल्यात कोण जाणे, त्या तर वापरूच नका.

केसांसाठी बायोटिनची गोळी घेताय असंही तुम्ही लिहिलंय. तिच्यामुळे काही लॅबमध्ये थायरॉईडचे आकडे चुकीचे येतात, टीएसएच आहे त्याहून कमी दिसू शकतो. तपासणीआधी निदान दोन दिवस ती बंद ठेवा. रक्त सकाळी द्या, त्या दिवशीची थायरॉईडची गोळी रक्त दिल्यावर घ्या, आणि शक्यतो दर वेळी तीच लॅब.

आता समजा टीएसएच २, म्हणजे ठीक आला आणि तरीही थकवा तसाच राहिला, तर? माझं तेच झालं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं, फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तळाला. लोह पुन्हा नीट सुरू केल्यावर, अर्थात दुपारी जेवणानंतर, तीन महिन्यांनी जिना चढताना दम लागायचा थांबला आणि केसही गळायचे कमी झाले. इतकी वर्षं सगळं थायरॉईडच्या माथी मारत होते. तुम्ही हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि साखर तपासून घ्यावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. घोरणं आणि दिवसा झोप येणं असेल, मन सतत उदास असेल, तर तेही मोकळेपणाने बोला. थकवा तिथूनही येतो आणि टीएसएच कितीही खाली आणला तरी तो जात नाही.

दिवस जायची शक्यता असेल तर मात्र सहा आठवडे थांबू नका. गरोदरपणात या औषधाची गरज सुरुवातीच्या आठवड्यांतच वाढते, म्हणून कळल्या दिवशीच डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखलं, धाप लागली किंवा गुंगी येऊ लागली, तरीही लगेच दाखवा.

जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्या: गोळी किती वाजता घेता, चहा किती वाजता, बाकीच्या गोळ्या कोणत्या आणि केव्हा, महिन्यात किती वेळा चुकते. आमच्याकडे सासूबाई आता माझा चहा साडेसहाला वेगळा टाकतात.