फ्रेंच चित्रकार सेझानच्या चित्रांतला दक्षिण फ्रान्स प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर प्रवास कोठून सुरू करावा?

माझ्या मते एक्स-आन-प्रोव्हान्स या गावापासून, कारण पॉल सेझान (1839–1906) याच गावात जन्मला आणि येथेच वारला. शेवटच्या वर्षांत लोव्ह टेकडीवरील ज्या चित्रशाळेत तो काम करीत असे, तिच्यापासून थोडे वर चढून गेल्यावर ‘चित्रकारांची जागा’ म्हणून जपलेला एक मोकळा चौथरा लागतो, आणि तेथून सेंट-व्हिक्टोआर हा चुनखडीचा सुमारे 1,000 मीटर उंच डोंगर समोर उभा राहतो. येथे सकाळी एकदा आणि सूर्य कलल्यावर पुन्हा एकदा अवश्य जावे. तोच खडक करडा, निळसर आणि मग गुलाबी होत जाताना पाहिला, की सेझानने एकच डोंगर पुन्हा पुन्हा का रंगवला असेल, हे डोळ्यांनाच उमगते. बिबेम्यूच्या जुन्या दगडखाणींतील गेरूच्या रंगाचे कातळही चुकवू नयेत.

उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने डोंगरवाटा अधूनमधून बंद ठेवतात, म्हणून मे किंवा सप्टेंबरअखेर उत्तम.

सवड असल्यास स्पेनच्या सीमेजवळील कोलिऊर या बंदरापर्यंत जावे, जेथे 1905 च्या उन्हाळ्यात मातीस आणि देरॅं या फ्रेंच चित्रकारांनी भडक, मुक्त रंगांचे धाडस केले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आणि सेझानचे ऋण मानणारे सय्यद हैदर रझा यांनीही इटलीच्या सीमेलगतच्या मॉंतों शहराजवळील गोर्बिओ या डोंगरगावात अनेक वर्षे चित्रे काढली. मराठी रसिकाने तेथे जरूर जावे.