सही करण्याआधी

प्रिय पोरा,

बाहेरच्या क्लबानं तुला करार देऊ केलाय. फोनवर तू पगार सांगितलास, राहण्या-जेवणाची सोय सांगितलीस. त्या क्लबात सध्या गोलमध्ये कोण उभा राहतो, त्याचं वय काय, त्याचा करार कधी संपतो, हे विचारल्यावर मात्र गप्प झालास. मिडफिल्डरला डावीकडे-उजवीकडे कुठंतरी सामावून घेतात. आपली गोलकीपरची जागा एकच, आणि तिथला माणूस जायबंदी झाल्याशिवाय किंवा त्याचा फॉर्म गेल्याशिवाय ती सहसा मोकळी होत नाही.

आर्थर व्हार्टनचं नाव तू ऐकलं नसशील. जन्म 1865, आजच्या घानातल्या अक्राचा. धर्मप्रचारकाचं शिक्षण घ्यायला इंग्लंडात आला आणि मैदानातच रमला. 1886 मध्ये लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर 100 यार्ड 10 सेकंदांत धावला. डार्लिंग्टन क्लबाकडून गोलमध्ये उभा राहत होता, तिथून प्रेस्टन क्लबानं त्याला उचललं आणि 1887 मध्ये तो एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत खेळला. पुढं शर्यतींच्या ओढीनं त्यानं प्रेस्टन सोडलं. लगेच 1888-89 च्या हंगामात इंग्लंडची पहिली लीग झाली. प्रेस्टननं ती एकही सामना न हरता जिंकली, वर एफए कपही नेला. गोलमध्ये दुसराच कुणीतरी होता.

1889 मध्ये तो रॉदरहॅम टाउनकडून पगारी खेळाडू झाला. जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून आज त्याचंच नाव घेतात. रॉदरहॅममध्ये त्याची जागा पक्की होती, तरी 1894 मध्ये तो मोठ्या शेफील्ड युनायटेडकडे गेला. त्याच उन्हाळ्यात त्या क्लबानं विल्यम फोक नावाचा वीस वर्षांचा धिप्पाड गोलकीपर घेतला. व्हार्टन अठ्ठावीस वर्षांचा. फोक तिथं 1905 पर्यंत टिकला. व्हार्टनला पहिल्या संघातून मोजके सामने मिळाले आणि वर्षभरात तो रॉदरहॅमला परतला. क्लब मोठा होता, हे खरं. पण तू सही करतोयस ती खेळायला की बाकावर बसायला, एवढं बघ.

आता तुझ्या पंचिंगबद्दल, म्हणजे चेंडू ठोशानं बाहेर घालवण्याबद्दल. व्हार्टन त्यासाठी प्रसिद्ध होता, पण त्याच्या काळी कारण वेगळं होतं. फॉरवर्ड सरळ खांदा मारून गोलकीपरला चेंडूसकट जाळ्यात ढकलू शकत, त्यामुळं चेंडू हातात ठेवणंच धोक्याचं. तुला आज रेफ्रीचं संरक्षण आहे. तरी बाजूनं आलेला, सहज पकडता येणारा क्रॉस तू ठोसा मारून बाहेर घालवतोस, कारण शाहू स्टेडियमवर पब्लिक शिट्ट्या मारतं. व्हार्टनही तमाशा करायचा म्हणे. क्रॉसबारला लोंबकळून पायांत चेंडू पकडल्याची आठवण त्याच्या मृत्यूनंतर कुणा प्रेक्षकानं लिहून ठेवली आहे. खरी-खोटी देव जाणे. (मला ती खरी असावीशी वाटते, पण तू करू नकोस.) बाहेरचा कोच ठोसे नाही बघत. चेंडू हातात आल्यावर पुढचा पास किती लवकर आणि कुठं गेला, ते बघतो.

1902 मध्ये स्टॉकपोर्टला व्हार्टनचा खेळ संपला. नंतर तो यॉर्कशरच्या कोळसा खाणीत कामाला होता. 1930 मध्ये गेला, तेव्हा त्याच्या थडग्यावर नावही नव्हतं. दगड बसला 1997 मध्ये, लोकांनी मोहीम काढल्यावर. 2014 मध्ये सेंट जॉर्जेस पार्कला, इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रात, पुतळाही उभा राहिला. त्याला त्याचा काय उपयोग?

म्हणून बीकॉमचं शेवटचं वर्ष सोडायचं नाही. क्लब परवानगी देत नसेल तर बाहेरून परीक्षा दे. एआयएफएफचं, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं, कोचिंगचं डी-लायसन्स खेळत असतानाच करून टाक. गोलकीपरला खेळ शिकवता येतो, कारण अख्खं मैदान त्याच्या समोर असतं. करारात दुखापतीचा खर्च कुणाकडं आहे आणि खेळायला मिळालं नाही तर लोनवर, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबाकडून खेळायला, जाता येईल का, हे वाच. लोनचं कलम नसेल तर मागून घे. लाजू नकोस, ते मागणाऱ्यालाच देतात.

वडिलांना सांग, सहीची घाई नको. रविवारी कराराची प्रत घेऊन ये, आणि ग्लोव्हज विसरू नकोस. क्रॉस पकडायचे आहेत.

तुझे,
सर