उरलेल्या गोळ्यांचं करायचं काय?

प्रश्न : मी राजारामपुरीतल्या एका छोट्या व्यसनमुक्ती क्लिनिकमध्ये सिस्टर आहे. आमच्याकडं ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या असतात, अफू-हेरॉइनचं व्यसन सोडवायला देतात त्या. पेशंट मधेच सोडून गेला नाहीतर वारला की घरचे उरलेल्या गोळ्या आणून देतात, काही आमच्याच कपाटात एक्स्पायर होतात. डॉक्टर म्हणतात टाकून द्या, मावशी म्हणतात बेसिनमध्ये सोडू का, आणि एका पेशंटची आई म्हणाली कुणा गरिबाला तरी द्या. खरं काय करायचं ओ?
— एक सिस्टर, कोल्हापूर

उत्तर : सिस्टर, तिघांचंही ऐकू नका. डॉक्टरांचंसुद्धा, निदान या बाबतीत तरी.

आधी त्या आईंचं घेऊ, कारण हेतू चांगला असला की नाही म्हणणं जड जातं. परत आलेली गोळी परत कुणालाही द्यायची नाही, स्ट्रिप न फोडलेली असली तरी. ती कुणाच्या घरी, कुठल्या फळीवर, किती उन्हात पडली होती ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि एकाच्या नावावर लिहिलेली गोळी दुसऱ्याला दिली की तुमचा हिशेब तिथंच मोडला. ब्युप्रेनॉर्फिन हे 1985 च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये कायद्यात येतं, ज्याला आपण सगळे एनडीपीएस म्हणतो, त्यामुळं एकेका गोळीचा माग लागला पाहिजे. लई जणांना वाटतं गोळीत नॅलॉक्सोन, म्हणजे अफूसारख्या औषधांचा असर उतरवणारं औषध, घातलंय म्हणजे भीती नाही. ते नॅलॉक्सोन असतं कुणी गोळी विरघळवून टोचून घेऊ नये म्हणून, जिभेखाली ठेवली तर त्याचा फारसा अडथळा होत नाही. सवय नसलेल्या माणसाला, त्यातून लहान पोराला, ही 2 मिलिग्रॅमची गोळी श्वास मंद करायला पुरते.

आता तुमचं काम. माझ्या मते हा कचऱ्याचा प्रश्न नंतरचा, हिशेबाचा आधीचा. गोळ्या परत आल्या की आणणाऱ्याच्या समोरच मोजायच्या, त्यांना बसवून, पाणी देऊन, पण मोजायच्याच. परत आलेल्या मालासाठी वेगळी वही करा, त्यात तारीख, पेशंटचा नंबर, औषध, बॅच नंबर, किती गोळ्या, आणि सही आणणाऱ्याची, तुमची आणि शक्यतो आणखी एका स्टाफची. मग पाकिटात घालून, चिकटवून, जोडावर सही मारून कुलपात. चालू स्टॉकच्या कप्प्यात अजिबात नाही, गर्दीच्या दिवशी हात चुकून तिथंच जातो. एक्स्पायर झालेल्यांचंही तसंच, फक्त त्या मूळ स्टॉक रजिस्टरमधून कमी करताना कारण लिहायचं. खाडाखोड नको, व्हाइटनर तर नकोच, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही करा.

नष्ट करायच्या आधी अन्न व औषध प्रशासनाच्या कोल्हापूर ऑफिसला डॉक्टरांच्या सहीचं पत्र द्या, कुठल्या गोळ्या, किती, का. पोच घ्या आणि उत्तर येईपर्यंत कुलूप काढू नका. डॉक्टर म्हणतील एवढ्याशा गोळ्यांसाठी पत्र कशाला, तर त्यांना सांगा की उद्या औषध निरीक्षक आले आणि रजिस्टरला गोळ्या आहेत अन् कपाटात नाहीत असं निघालं तर मावशींनी बेसिनमध्ये सोडल्या हे उत्तर चालणार नाही.

उत्तर आलं की मगच पिवळी पिशवी. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमात एक्स्पायर आणि टाकाऊ औषधं पिवळ्यात येतात, ती कंपनीला परत जातात नाहीतर भट्टीत जळतात. पण पिवळी पिशवी भरली, तोंड बांधलं की झालं असं समजू नका, ती पिशवी तुमच्या दारातून भट्टीपर्यंत किती हातांतून जाते बघा, आणि स्ट्रिपमधली अख्खी गोळी कुणीही खिशात घालू शकतो. म्हणून गोळ्या स्ट्रिपमधून काढायच्या, ग्लोव्ह्ज घालून, साबणाच्या पाण्यात भिजवून लगदा करायचा, गळणार नाही अशा डब्यात बंद करायचं आणि मग पिशवीत. हे दोघांनी मिळून, दोघांच्या सह्यांनी. रिकाम्या स्ट्रिपवरचं पेशंटचं नाव खोडा. आणि हे सगळं कचऱ्याची गाडी येणार त्याच दिवशी करा. गाडीवाल्याची पावती वहीतच चिकटवून ठेवा.

बेसिन मात्र नाही. क्लिनिकला भट्टीची सोय आहे, मग पंचगंगेच्या वाट्याला ते कशाला?

प्रश्न : वडील कॅन्सरनं गेले. घरात दुखणं कमी करायच्या मॉर्फिनच्या गोळ्या आणि अंगाला चिकटवायचे फेंटानिलचे पॅच उरलेत. नातवंडं सुट्टीला येणार आहेत. घंटागाडीत टाकू का?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : घंटागाडीत नको, काका. आज आधी ते कुलपात ठेवा, पोरं यायच्या आधी. मग जिथून औषध मिळालं त्या हॉस्पिटलला फोन करून परत घेतात का विचारा, घेत असतील तर मोजून, लिहून, सही घेऊन द्या.

घेत नसतील तर हे संडासात टाकून फ्लश करायचं. वर सिस्टरना बेसिन नको म्हटलं आणि तुम्हाला फ्लश करा म्हणतोय, हे विचित्र वाटेल. पण घरी पिवळी पिशवी अन् भट्टी नसते, आणि मॉर्फिन, फेंटानिलसारखी मोजकी औषधं अशी आहेत की चुकून एकदा पोटात गेली तरी जीव जाऊ शकतो, म्हणून केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेनं 2025 च्या मार्गदर्शनात अशा 17 औषधांची यादी देऊन ती फ्लश करा असं सांगितलंय. बीपी-शुगरच्या गोळ्यांना हे लागू नाही हां.

पॅचचं नीट ऐका. तीन दिवस अंगावर लावून काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं, तो पोराच्या अंगाला चिकटला तर घात होतो. वापरलेला असो नाहीतर नवा, चिकट बाजू आत घेऊन मधोमध दुमडायचा आणि फ्लश. मग हात पाण्यानं धुवा. आणि वडिलांच्या गादीला, उशीला एखादा चिकटून राहिलाय का तेही बघून घ्या.

प्रश्न : मेडिकलवाला उरलेल्या झोपेच्या गोळ्या परत का घेत नाही?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : त्याला त्या पुन्हा विकता येत नाहीत, रजिस्टरमध्ये दाखवायला जागा नाही, म्हणून. त्याच्याशी भांडू नका. केरळनं 2025 मध्ये एनप्राउड नावाची योजना काढून घरातली जुनी औषधं गोळा करायला सुरुवात केलीय, आपल्या महापालिकेकडं असं काही मागायला हरकत नाही. तुमच्या गोळ्यांत डायझेपाम असेल तर ते वरच्या 17 च्या यादीत आहे, म्हणजे फ्लश, दुसरी कुठली असेल तर स्ट्रिपमधून काढून ओल्या चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत घट्ट बांधा आणि मग कचऱ्यात.