वल्ली नटाच्या आठवणी जमवायच्या कशा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या हौशी मंडळातले एक ज्येष्ठ नट गेल्या वर्षी वारले. माणूस मोठा वल्ली. स्वतःच्या प्रत्येक प्रयोगाचं एक तिकीट पदरच्या पैशानं काढायचे आणि ती खुर्ची रिकामी ठेवायला लावायचे. मेकअपला दुसऱ्याचा आरसा चालायचा नाही, स्वतःचा हातआरसा सुतळीनं खिळ्याला टांगायचे. त्यांच्यावर ६४ पानी स्मरणिका काढायची आहे. पंधरा जणांकडून लेख मागवले. सगळे 'मनस्वी, दिलखुलास, विक्षिप्त पण प्रेमळ' एवढ्यावरच थांबलेत. काय करावं? (एक वाचक, साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : लेख मागवलेत तिथंच गाडी अडली. कोरा कागद पुढं आला की माणूस श्रद्धांजली लिहितो, समोर कुणी बसलं की तोच माणूस बोलतो. तेव्हा आलेले लेख बाजूला ठेवा आणि सहा-सात जणांकडं स्वतः जाऊन बोलणं रेकॉर्ड करा.

आधी माणसं निवडा. सहनट दोन पुरेत. बाकी मेकअपमन, पडदा ओढणारा, तिकीट खिडकीवर बसणारा, चहा आणून देणारा आणि विंगेतून वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टर सोडूच नका. कुठलं वाक्य दर प्रयोगाला गिळलं जायचं हे नटाच्या बायकोलाही ठाऊक नसतं, त्याला असतं.

प्रत्येकाला एकेकटं भेटा. चौघांना एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याची हकीगत खरी ठरते, आणि बाकीचे 'हो हो, अगदी असंच' म्हणून मोकळे होतात. दोघांनी वेगवेगळं बसून तेच सांगितलं तर छापा. आणखी एक चाळणी लावा : हाच किस्सा दुसऱ्या कुठल्या नटाच्या नावावर ऐकलाय का, ते विचारा. दाढी निघून आली आणि नटानं वेळ मारून नेली, हा किस्सा महाराष्ट्रातल्या निम्म्या नटांच्या नावावर जमा आहे.

'ते कसे होते?' हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर विशेषणातच येतं. आरसा कुठल्या भिंतीला टांगायचे? खिळा आधीच असायचा की खिशात घेऊन यायचे? दौऱ्यावर भिंत दगडी निघाली तर? रिकाम्या खुर्चीचा नंबर कोणता? हाउसफुल्लच्या दिवशी तिथं कुणी बसलंच, तर दारावरच्या माणसानं काय केलं? विक्षिप्तपणा दिसतो तो कुणाची तरी अडचण झाली तिथं. खुर्ची रिकामी ठेवणं ही नुसती माहिती झाली. ती रिकामी ठेवण्यासाठी बुकिंगवाल्यानं पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना काय थाप मारली, ही आठवण.

तारखेवर अडू नका. 'साल कोणतं?' म्हटलं की म्हातारा माणूस गप्प होतो. त्यापेक्षा 'किल्लारीच्या आधी की नंतर?' विचारा. ३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची ती पहाट, आदल्या रात्रीचं गणपती विसर्जन, हे सोलापुरात त्या वयाच्या माणसाला विसरताच येत नाही. त्याआधीचं असेल तर ७२चा दुष्काळ, आणीबाणी, इंदिराबाई गेल्या तो १९८४चा ऑक्टोबर. महिना हवा असेल तर 'गड्डा उठला होता का?' एवढं पुरतं, कारण गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, ती संक्रांतीची. अंदाज आला की त्या दोन महिन्यांच्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली वाचनालयात बसून चाळा. नाटकाची जाहिरात आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या सोलापूर केंद्राचं वेळापत्रक त्यात सापडायला हवं.

रेकॉर्डिंगला मोबाइल चालेल, पण एअरप्लेन मोडवर टाका. टेबलावर तसाच ठेवलात तर कपाचा प्रत्येक ठोका आत जातो; खाली चादरीची चार पदरी घडी घाला (सोलापुरात ती शोधावी लागणार नाही). फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर हवा. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद ठेवा म्हणणं क्रूरपणा आहे, म्हणून सकाळी आठच्या आत उरका. कूलर मात्र बंदच हवा, त्याच्या घरघरीत शब्दांचे शेवट बुडतात. पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी घर असेल तर सुट्टीचा वार धरा. सांगणारा तेलुगू किंवा कन्नडमध्ये शिरला तर शिरू द्या, नंतर जाणकाराकडून उतरवून घ्या. मध्येच 'मराठीत सांगा' म्हटलंत की ओघ तुटला. पाऊण तासानं 'झालं' म्हणा, पण रेकॉर्डिंग चालूच आहे हे सांगून चालू ठेवा. उंबऱ्यापाशी चपला घालताना जे निघतं ते बरेचदा मुलाखतीत निघालेलं नसतं.

प्रश्न : अशा आठवणी छापल्या तर घरचे दुखावतील का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : आरसा, सुतळी, खुर्ची यानं कुणी दुखावत नाही. पैसा, दारू, आजारपण यांचा उल्लेख असलेला मजकूर छापण्याआधी घरच्यांना वाचायला द्या आणि ते नको म्हणाले तर काढा. नुसतं फोनवर 'थोडं गमतीचं लिहिलंय' सांगून परवानगी घेऊ नका. नंतरचं भांडण त्यातूनच होतं.

प्रश्न : वडिलांच्या नाटकांच्या अकरा कॅसेटी पत्र्याच्या ट्रंकेत सापडल्या. घरातल्या जुन्या टेपवर लावून बघू का? (एक वाचक, भवानी पेठ)

उत्तर : लगेच नको. बरीच वर्षं पडून असलेल्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल किंवा चिकट झालेला असतो आणि पहिली कॅसेट तो गिळतो. आधी नको असलेल्या गाण्यांची कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून बघा. हेड (फीत जिथं घासत जाते तो धातूचा भाग) आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, कापूस काडीला गुंडाळून, बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसा.

मग कॅसेट तपासा. वरच्या कडेच्या दोन्ही टिकल्या मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावूच नका, बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटीत जाते. फितीच्या मागची छोटी फेल्टची गादी गळून पडली असेल तर आवाज दबका आणि वरखाली होणारा येतो. पाच स्क्रूची दुसरी कॅसेट उघडून फितीची चाकं तिच्यात बसवा. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं गुंडाळा, घट्ट बसलेले पदर मोकळे होतात. सी-१२०, म्हणजे १२० मिनिटांची कॅसेट असेल तर हे हलक्या हातानं, तिची फीत फार पातळ.

मोबाइल स्पीकरसमोर धरून रेकॉर्डिंग करू नका. टेपच्या लाइन-आउटमधून (आवाज वायरीनं बाहेर नेण्याचं भोक) वायर थेट रेकॉर्डरला किंवा संगणकाला द्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या टाळ्यांवर -६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. संवादावर लावलीत तर टाळ्या फाटतात. सी-९०ची एक बाजू ४५ मिनिटं, म्हणजे सुमारे ७८० एमबी. खरखर काढायची ती प्रतीवर, मूळ फाइलला हात लावू नका.

कधी कधी संवादाच्या क्षणभर आधी तोच संवाद पुसट ऐकू येईल. तो यंत्राचा दोष नव्हे. गुंडाळीतल्या एका पदराचं चुंबकत्व शेजारच्या पदरावर उमटतं, आणि पत्र्याच्या ट्रंकेतल्या उन्हाळ्यांनी ते वाढतं. तसंच राहू द्या.

प्रश्न : दिवंगत नटाची मेकअपची पेटी आणि नकला (संवादांच्या प्रती) कशा ठेवाव्यात? (एक वाचक, बाळीवेस)

उत्तर : पेटीतले रंग कुणाच्या तोंडाला लावू नका, नातवाच्या स्नेहसंमेलनालाही नाही. जुन्या हिंगुळात पारा असतो आणि जुन्या सफेद्यात शिसं असू शकतं. डब्या बंद करून वेगळ्या पिशवीत ठेवा. लाइश्नर कंपनीच्या मेकअपच्या रंगाच्या ५ आणि ९ नंबरच्या कांड्या असतील तर किती झिजल्यात ते फोटोत येऊ द्या, मिसळण्याचं प्रमाण त्यावरून कळतं. दाढी-मिशांच्या जाळीवरचा वाळलेला गोंद स्पिरिटच्या बोळ्यानं टिपत काढा, ओढलात तर केस जाळीसकट येतील. डांबराच्या गोळ्या प्लॅस्टिकला चिकटून ठेवू नका, प्लॅस्टिक मऊ पडतं. नकलांना सेलोटेप लावू नका आणि टाचण्या काढून टाका, गंजानं कागद खाल्ला जातो. फोटो काढताना पानांचे समास कापू नका. 'इथे खोकला', 'इथे तिच्याकडे बघायचं नाही' असलं जे काही असतं, ते समासातच असतं.