पालकांचे प्रश्न : पाटीवर ‘मॉन्टेसरी’, वर्गात काय?

प्रश्न : आमची मुलगी आता तीन वर्षांची होईल. घर नाशिकला, पाथर्डी फाट्याला. इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंत चार शाळा पाहिल्या, चारही ठिकाणी पाटीवर ‘मॉन्टेसरी’ लिहिलेले आहे. फी मात्र वेगळी आणि वर्गही वेगळे. खरी मॉन्टेसरी ओळखायची कशी?

उत्तर : पाटीवरून ओळखता येणार नाही. मॉन्टेसरी म्हणजे मुलाने ठरावीक साधनांवर स्वतःच्या हाताने काम करत शिकण्याची पद्धत. हे नाव कुणाच्या मालकीचे नाही, त्यामुळे कुणीही लावू शकते. उलट साधी ‘बालवाडी’ म्हणवणारी एखादी शाळा या पद्धतीच्या जास्त जवळ असू शकते. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ सुरू केला, तेव्हापासून हे काम आपल्या भाषेतही रुजलेले आहे.

शाळा फिरून दाखवतात त्यातून फारसे कळत नाही. वर्ग चालू असताना कोपऱ्यात पाऊण तास गप्प बसू द्या, अशी विनंती करा. स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असतील तो आठवडा टाळा. आणि ‘पालकांना आत बसता येत नाही’ एवढेच उत्तर मिळाले, तर काचेतून किंवा दारातून तरी पाहू द्या म्हणा. तेही नाही म्हटले, तर त्या शाळेचा आग्रह सोडलेला बरा.

बसल्यावर आधी मुलांकडे बघा, साधनांकडे नंतर. अडीच ते सहा वर्षांची मुले एकाच वर्गात हवीत. छोट्यांना मोठ्यांचे बघून शिकता यावे, म्हणून ही मांडणी असते. नर्सरी, ज्युनिअर, सिनिअर असे तीन वर्ग असतील आणि दर अर्ध्या तासाला घंटा होत असेल, तर कपाटात साधने कितीही महाग असोत, पद्धत ती नव्हे. कामाचा सलग वेळ साधारण तीन तासांचा मानला आहे. निदान दोन-अडीच तास तरी मध्ये डबा, प्रार्थना, नाच येता कामा नये. वर्गात पंचवीस मुले दिसली म्हणून बिचकू नका. एक प्रशिक्षित ताई आणि एक मदतनीस असतील, तर तेवढी मुले चालतात.

आता साधने. उघड्या, मुलांच्या हाताला येतील अशा फळ्यांवर ती मांडलेली असावीत आणि प्रत्येकाचा एकच संच असावा. गुलाबी मनोऱ्यात एकावर एक रचायचे, १ ते १० सेंटिमीटर बाजूचे १० ठोकळे असतात. दहाही जागेवर आहेत का, मोजा. एक हरवलेला असेल, तर चढती रांग तुटते आणि साधनाचा उपयोगच जातो. मग दट्ट्यांची पेटी बघा. लाकडात कमी-जास्त जाडीच्या दहा खाचा, प्रत्येकीत तिच्याच मापाचा खुंटी असलेला एक दट्ट्या. मुलाने बारीक दट्ट्या जाड खाचेत टाकला, तर तो सहज बसतो. चूक शेवटी कळते, जाड दट्ट्या हातात उरतो आणि खाच बारीक राहते. त्या क्षणी ताई काय करतात, तेच बघायला तुम्ही गेला आहात. त्या लांबूनच पाहत राहिल्या आणि मुलाने सगळे दट्टे काढून पुन्हा सुरुवात केली, तर वर्ग चांगला आहे. ‘अरे असं नाही, हे इथे’ म्हणत हात पुढे आला, तर नाही.

ताईंना दोन प्रश्न विचारा. प्रशिक्षण किती दिवसांचे? शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत हे येत नाही. पूर्ण अभ्यासक्रम बरेच महिने चालतो, त्यात प्रत्यक्ष वर्गनिरीक्षण असते आणि प्रत्येक साधन कसे मांडायचे याच्या वह्या स्वतः लिहून काढाव्या लागतात. त्या वह्या दाखवायला सांगा. दुसरा, अक्षर कसे शिकवता? खरखरीत कागदाच्या अक्षरावर बोट फिरवत आधी ‘हा म’, मग ‘म कुठला, दाखव’, आणि ते जमल्यावरच ‘हे काय?’ या तीन पायऱ्या आहेत. तिसऱ्यावर मूल अडले, तर मागे जायचे, ‘चूक’ म्हणायचे नाही.

अंतराचेही बघा. सकाळी मुंबई नाक्याच्या गर्दीतून पाऊण तास व्हॅनमध्ये बसलेले मूल वर्गात पोचेपर्यंत दमलेले असते. घराजवळची बरी शाळा लांबच्या उत्तम शाळेपेक्षा चांगली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : दोन वर्षे मॉन्टेसरीत ठेवून मुलाला सिनिअर केजीला मोठ्या शाळेत घालावे असे घरचे म्हणतात, नाहीतर पहिलीत प्रवेश मिळणार नाही. काय करावे? (नाशिक रोड)

उत्तर : प्रवेशाची अडचण खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण तिसरे वर्ष काढून घेणे म्हणजे कणीस भरायच्या आधी पीक कापणे. पहिल्या दोन वर्षांत हाताने केलेले काम तिसऱ्या वर्षी वाचन आणि हजारापर्यंतच्या मण्यांच्या हिशेबात उतरते. हवी ती शाळा थेट पहिलीत प्रवेश देते का, हे आताच लेखी विचारून ठेवा. देत असेल, तर थांबा.

प्रश्न : फी झेपत नाही. घरी काय करता येईल? (पंचवटी)

उत्तर : ओतण्यापासून सुरुवात करा. एका ताटात दोन छोटी फुलपात्री, एकात अर्धे भरून तांदूळ. तुम्ही एकदा सावकाश, न बोलता ओतून दाखवा आणि ताट मुलासमोर ठेवा. तांदूळ जमले की पाणी, तेही अर्धेच. भांडे काठोकाठ भरले, तर सांडणारच, आणि मग आपण ते हातातून काढून घेतो, तिथेच सगळे फसते. ताटाशेजारी मुलाच्या हातात मावेल असे सुती फडके ठेवा, सांडलेले त्यालाच पुसू द्या. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला चणे, वाटाणे, शेंगदाणे देऊ नका, ते नाकात किंवा घशात जातात. आणि तांदळाच्या वेळीही जवळच बसा.